नामजप, माळ आणि नेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामस्मरणाबद्दल येणाऱ्या दहा शंकांपैकी सात-आठ एकाच गोंधळातून येतात: मंत्राचे नियम नामाला लावले जातात आणि मग माणूस घाबरून नामच सोडतो. म्हणून सुरुवात तिथूनच. पुढची उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातल्या वारकरी, समर्थ आणि दत्त संप्रदायांतल्या प्रथांना धरून आहेत. तुमच्या गुरूंनी किंवा घराण्याने काही वेगळे सांगितले असेल, तर ते आधी.

नाम आणि मंत्र यांत फरक काय?

नाम म्हणजे देवाला हाक: राम, विठ्ठल, दत्त, नारायण. हाक मारायला मुहूर्त लागत नाही. मंत्र ही ठरावीक अक्षरांची रचना असते. तिला अनेकदा ॐ, ऐं, ह्रीं, क्लीं अशी बीजे जोडलेली असतात. तो गुरूकडून घ्यायचा असतो आणि त्याला ऋषी, छंद, देवता, न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श), आसन, संख्या असा विधी असतो. नामाला यातले काहीच बंधनकारक नाही. ‘काळवेळ नाम उच्चारितां नाहीं’ हे हरिपाठातले वचन नेमके याबद्दल आहे.

मधली एक जातही आहे, आणि घोटाळा बहुतेक तिथेच होतो. ‘श्रीराम जय राम जय जय राम’, ‘रामकृष्णहरि’, ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’, ‘श्री स्वामी समर्थ’ ही सगळी रूपाने नामेच आहेत, पण संप्रदायांत त्यांना मंत्राचा मान आहे. ती कोणीही केव्हाही घ्यावीत. गुरूंचा अनुग्रह, म्हणजे दीक्षा, घेऊन संख्येचा संकल्प केला की मग नियम लागू होतात. ते नियम नामाचे नसून तुमच्या संकल्पाचे असतात.

मग कोणते नाम घ्यावे?

जे घरात आधीपासून आहे ते. आजी ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत असेल तर तेच जिभेवर लवकर बसते. घरात काही नसेल तर आवडत्या देवाचे लहान नाम निवडा.

निवडताना अक्षरे आणि श्वास यांचा मेळ पाहावा. ‘रामकृष्णहरि’ सहा अक्षरांचे आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, मिळालेला मंत्र तो हाच. ‘श्री स्वामी समर्थ’ हेही सहाच अक्षरांचे. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ तेरा अक्षरांचा, म्हणून त्रयोदशाक्षरी. दत्त संप्रदायातल्या टेंबे स्वामींचा (१८५४–१९१४) ‘दिगंबरा’ अठरा अक्षरांचा. ‘हरे कृष्ण’ महामंत्रात सोळा नामे आणि बत्तीस अक्षरे आहेत. चालता-बोलता, स्वयंपाक करताना, लोकलमध्ये उभे राहून घ्यायचे असेल तर सहा अक्षरांचे सोपे पडते. एका जागी बसून तालात म्हणायचे असेल तर तेरा किंवा अठरा अक्षरांची लय जास्त धरून ठेवते.

एक मात्र करू नका: सोमवारी शिव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती अशी रोज नामे बदलणे. पूजा वारांप्रमाणे जरूर करा, पण जपाचे नाम एकच ठेवा. रोज नवे नाम घेतले तर एकही नाम आपोआप उमटण्याइतके मुरत नाही.

गुरूशिवाय नाम चालते का?

चालते. बीजमंत्र मात्र पुस्तकात वाचून किंवा व्हिडिओ पाहून सुरू करू नये.

रोज किती माळा कराव्यात?

तापाने फणफणलेल्या दिवशीही होतील तेवढ्याच. नेम ठरवताना सगळ्यात चांगला दिवस डोळ्यांसमोर धरू नका. सगळ्यात वाईट दिवस धरा.

वेळेचा हिशोब असा. ‘रामकृष्णहरि’ला सरासरी एक सेकंद लागतो, म्हणजे १०८ मण्यांची माळ दोन मिनिटांच्या आत होते. तेरा अक्षरी मंत्र सावकाश म्हटला तर दोन सेकंद, म्हणजे माळेला साडेतीन मिनिटांच्या थोडे वर. सोळा नामांचा महामंत्र चार सेकंद धरला तर माळ सात मिनिटांची होते. इस्कॉन या कृष्णभक्तांच्या संस्थेतल्या दीक्षितांचा रोजचा नेम सोळा माळांचा, म्हणजे १,७२८ वेळा महामंत्र. त्याला दोन तास का लागतात ते यावरून कळेल.

नवख्याने तेरा अक्षरी मंत्राच्या तीन माळा घ्याव्यात. दहा-अकरा मिनिटांचे काम. तीन महिने एकही दिवस न चुकता झाले तर पाच करा. स्वामीभक्तांमध्ये अकरा माळांचा प्रघात मोठा आहे आणि चांगला आहे, पण पहिल्याच दिवशी अकरा धरणारे पुष्कळजण महिनाभरात शून्यावर येतात. सलग करण्याचा कंटाळा येत असेल तर नेम सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. नेमापेक्षा जास्त झाले तर उत्तमच, पण ते उद्याच्या खात्यावर जमा धरायचे नाही.

माळेत १०८ मणी असतात, मग जप १००च का धरतात?

वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. एखाद्या मण्याला मन भलतीकडे गेले, एखादे नाम अर्धेच उच्चारले गेले, दोन मणी एकदम सरकले, या सगळ्याची भरपाई त्या आठांत होते. म्हणून दहा माळा म्हणजे एक हजार. हिशोबालाही हे सोयीचे आहे. इस्कॉनसारख्या परंपरांत पूर्ण १०८ धरतात. दोन्ही ठीक, फक्त एका वहीत दोन पद्धती मिसळू नका.

माळ धरायची आणि ओढायची कशी?

उजव्या हातात. माळ मधल्या बोटाच्या मधल्या पेरावर टाकायची आणि अंगठ्याने एकेक मणी आपल्याकडे ओढायचा. काही घराण्यांत ती अनामिकेवर ठेवतात. तर्जनी मण्यांना लावत नाहीत, ती थोडी उचलून बाजूला ठेवायची. आधी नाम पूर्ण म्हणायचे आणि मग मणी ओढायचा. उलटे केले तर हात पुढे आणि जीभ मागे अशी शर्यत लागते, आणि शेवटी नुसताच हात चालतो.

माळ छातीच्या उंचीवर धरावी, जमिनीला टेकू देऊ नये. हात लवकर अवघडत असेल तर कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकवा. गोमुखी, म्हणजे हात आत घालायची पिशवी, वापरली तर तिन्ही गोष्टी साधतात: माळ टेकत नाही, कोणाला दिसत नाही आणि बसमध्येही जप करता येतो. गोमुखी शिवताना तोंड मनगटाहून चार बोटे रुंद ठेवा. अरुंद झाली तर माळ आत फिरताना गुंता होतो.

मेरुमणी ओलांडला तर काय होते?

काही अरिष्ट येत नाही. मेरू, म्हणजे माळेची दोन्ही टोके जुळतात तिथला वेगळा मणी, ही थांबायची खूण आहे. तिथे पोचलो की माळ फिरवायची आणि शेवटचा मणी पहिला धरून परत निघायचे. हे एका हाताने करायला दोन-तीन दिवस सराव लागतो: माळ बोटावरून किंचित उचलून अंगठ्याने मेरू पलीकडे घ्यायचा आणि पंजा वळवायचा. अंधारात किंवा गोमुखीत मेरू हाताला कळावा म्हणून त्याला गोंडा असतो. गोंडा झिजला असेल तर नवा बांधा. मेरू नकळत ओलांडला जाण्याचे मुख्य कारण तेच.

माळ जवळ नसेल तर बोटांवर कसे मोजायचे?

याला करमाळ म्हणतात. चार बोटांची तीन-तीन पेरे म्हणजे बारा. त्यांतली मधल्या बोटाची खालची दोन पेरे मेरू मानून सोडायची, उरतात दहा. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर अंगठा ठेवून एक, त्याच बोटाच्या तळाला दोन, करंगळीचा तळ तीन, मध्य चार, टोक पाच, अनामिकेचे टोक सहा, मधल्या बोटाचे टोक सात, तर्जनीचे टोक आठ, मध्य नऊ, तळ दहा. (इथे तर्जनी चालते, माळेवर नाही. असे का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, प्रघात तसा आहे.) दहा झाले की डाव्या हाताच्या त्याच क्रमातल्या एका पेरावर खूण. डाव्या हाताची दहा पेरे भरली की शंभर. वर आठ म्हटले की १०८.

पाहता पाहता गोगलगायीच्या शंखासारखा फेर होतो. आठवडाभरात हात आपोआप वळतो.

बोटात घालायचा काउंटर किंवा मोबाइल चालेल का?

काउंटर चालेल. प्रवासात, दवाखान्यात, संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला तोच सोयीचा. मोबाइल टाळा: माळेवर बोट ठेवले की नाम आठवते, मोबाइलवर ठेवले की बाकी सगळे. काउंटर घेतलात तर शून्यावर आणायची कळ आत दबलेली आहे ना ते पाहून घ्या. वर आलेली असली की धक्क्याने दिवसभराचा आकडा पुसला जातो.

कोणती माळ घ्यावी? ती सारखी तुटते.

विष्णू, राम, कृष्ण, विठ्ठल यांच्या नामाला तुळशीची, शिवाला रुद्राक्षाची, देवीला स्फटिकाची असा सर्वसाधारण संकेत आहे. दत्तभक्तांत तुळस आणि रुद्राक्ष दोन्ही चालतात. तुळशीच्या माळा पंढरपूर-आळंदीहून आणण्याची चाल आहे. पंढरपुरात काशीकापडी समाजातली घरे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. रस्त्यावरच्या ढिगातली स्वस्त, चकचकीत, एकसारख्या मण्यांची माळ बहुधा दुसऱ्याच लाकडाची असते.

माळ तुटते ती जवळपास नेहमी मेरूपाशी, कारण फिरवताना ताण तिथेच येतो. घरी ओवायची असेल तर तिपेडी सुती दोरा घ्या, नायलॉन नको. नायलॉन तुटत नाही, पण मण्याचे भोक कापत नेतो आणि त्याची गाठ सुटते. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली तर मणी एकमेकांवर घासत नाहीत आणि माळ तुटली तरी सगळे मणी घरभर होत नाहीत. सगळी माळ ओवून झाली की दोन मणी मावतील इतकी ढिलाई मोकळी असावी. कच्च बांधलेल्या माळेत मणी सरकत नाही आणि अंगठा दुखतो. फार ढिली असेल तर दोन मणी एकदम येतात.

तुळशीची माळ साबणाने धुऊ नये, पाण्यात भिजत ठेवू नये. लाकूड फुगते आणि वाळताना उभी चीर जाते. घामाने काळी पडली तर कोरड्या सुती फडक्याने पुसून तिळाच्या तेलाचा एक थेंब तळहातावर घेऊन ती हातात घोळवावी.

गळ्यातल्या माळेवर जप करावा का?

नाही, दोन्ही वेगळ्या. गळ्यातली तुळशीची माळ ही वारकऱ्याची दीक्षा आहे. ती फडावरच्या (फड म्हणजे वारकऱ्यांची परंपरागत मंडळी) महाराजांच्या किंवा जुन्या माळकऱ्याच्या हातून, बहुधा ज्ञानेश्वरीवर ठेवून, मग गळ्यात घातली जाते. तिच्याबरोबर मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, रोजचा हरिपाठ आणि पंढरीची वारी येते. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग अठ्ठावीस धरतात. नेहमीच्या चालीत म्हटले तर अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. माळ फॅशन म्हणून घालू नये असे माळकरी बजावतात ते एवढ्यासाठी.

ही माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात येईपर्यंत अन्नपाणी न घेणारे माळकरी आजही आहेत. म्हणून घरात एक ओवलेली माळ जादा असावी. मधुमेह असलेल्यांनी तर नक्कीच ठेवावी, उपाशी राहण्याची वेळच येऊ देऊ नये. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालय माळ काढायला सांगते तेव्हा हुज्जत घालू नका. जवळच्या माणसाच्या हातात द्या, शुद्धीवर आल्यावर घाला.

मोठ्याने म्हणावे, पुटपुटावे की मनात?

तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचिक, म्हणजे शेजाऱ्याला ऐकू येईल असा, उपांशू, म्हणजे ओठ हलतात पण आवाज आपल्यापुरताच, आणि मानस. मनुस्मृतीत विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दसपट, उपांशू शंभरपट आणि मानस हजारपट श्रेष्ठ म्हटला आहे. हा श्लोक वाचून लोक थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात, आणि दहा मिनिटांत मनातल्या मनात भाजीचा हिशोब करत बसतात.

व्यवहारात उलट चालावे. पहिले काही महिने ऐकू येईल एवढा आवाज ठेवा. कानाला काम मिळाले की मन कमी पळते. मन स्थिर वाटले की आवाज आपोआप खाली येतो, तो येऊ द्या. पुन्हा भटकायला लागले की पुन्हा आवाज चढवा. एकाच बैठकीत तीनदा वर-खाली झाले तरी बिघडत नाही.

घसा बसत असेल तर तुम्ही वरच्या पट्टीत म्हणताय. बोलण्याच्या पट्टीहून थोडे खालीच ठेवा. वाक्य श्वासाच्या अगदी शेवटापर्यंत ओढू नका. तेरा अक्षरी मंत्र एका श्वासात दोनदा बसतो, तिसऱ्यांदा ओढायला गेलात की शेवटचा ‘राम’ गिळला जातो.

उच्चार चुकला तर दोष लागतो का?

नामाला नाही. पण घाई आणि अशुद्धी या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला ‘कृष्ण’ म्हणता येत नाही त्याने ‘किस्न’ म्हटले तर ते त्याचे नामच आहे. ज्याला येते त्याने संख्या भरायला ‘रामकिसनरी’ केले, ती मात्र पळवाट. तेरा अक्षरी मंत्रात घाईने पहिला बळी ‘श्री’ जातो, दुसरा ‘जय जय’मधला एक ‘जय’. ओळखायची युक्ती: महिन्यातून एकदा एक माळ ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. अडीच मिनिटांच्या आत संपली असेल तर अक्षरे गळताहेत.

मन लागत नाही, झोप येते.

झोपेची कारणे बहुतेक वेळा साधी असतात: जेवून लगेच बसणे, पाठ टेकणे, डोळे मिटून मानस जप, रात्रीचे जागरण. पहाटे तोंड धुऊन, पाठ ताठ पण भिंतीपासून वीतभर दूर ठेवून बसा. डोळे अर्धे उघडे ठेवून समोरच्या मूर्तीवर किंवा समईवर नजर ठेवा. तरीही पेंग आली तर उठून येरझाऱ्या घालत माळ पुरी करा. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते. गुडघ्याची कळ सोसत केलेला जप गुडघ्याचाच होतो.

मन लागत नाही म्हणून जप सोडणे म्हणजे भूक लागेपर्यंत चूल न पेटवणे. दासबोधाच्या चौथ्या दशकातला तिसरा समास स्मरणभक्तीचा आहे. त्यात समर्थ चालता, बोलता, धंदा करता, खाता, जेवता नाम विसरू नये असे सांगतात. आधी मन लागू द्या अशी अट तिथे घातलेली नाही. जनाबाईचे नाम दळता-कांडतानाच चालले होते.

एक वेगळी अवस्था मात्र ओळखावी. संख्या बरोबर झाली की नाही या शंकेने तीच माळ चार-चारदा करणे, एक मणी चुकला म्हणून घाम फुटणे, असे होऊ लागले तर मोजणे ताबडतोब बंद करा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे नुसते नाम घ्या. तेवढ्याने थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवा. तो नामाचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

सुतक, सोयर, मासिक पाळी असताना नाम घ्यावे का?

घ्यावे. पूजा, मूर्तीला स्पर्श, संकल्पयुक्त पुरश्चरण (ठरावीक संख्येच्या जपाचा विधी) यांबाबत घरोघरी रीती वेगळ्या आहेत, त्या ज्याने त्याने पाळाव्यात. नामाला ‘सकळांसी येथे आहे अधिकार’ हा तुकोबांचा निर्वाळा पुरेसा आहे. माळेला हात न लावण्याची घरात रीत असेल तर बोटांवर मोजा. मृत्यूच्या घरी, सुतकातच, नामाची गरज सगळ्यांत जास्त असते आणि नेमके तेव्हाच ते बंद करायला सांगितले जाते, हे अजब आहे.

तेरा कोटी जप म्हणजे काय? एका माणसाला शक्य आहे का?

तेरा अक्षरे, दर अक्षराला एक कोटी. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला, गोदावरी-नंदिनीच्या संगमावर, बारा वर्षांत तेरा कोटी जप केला अशी परंपरा आहे. गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) हाच मंत्र घरोघरी पोचवला, त्यामुळे या संख्येचे आकर्षण अजून टिकून आहे.

हिशोब मांडून पाहा. बारा वर्षांचे ४,३८० दिवस धरले तर रोज सुमारे २९,७०० जप पडतो, म्हणजे २९७ माळा. माळेचे १०८ मणी मोजून एका जपाला एक सेकंद धरला तरी रोजचे जवळजवळ नऊ तास, दोन सेकंद धरले तर अठराच्या घरात. तो आयुष्य वाहिलेल्या माणसाचा नेम आहे. रोज दहा माळा करणाऱ्याला एका कोटीलाच २७ वर्षांहून अधिक लागतात. तेव्हा कोटी पूर्ण करण्यासाठी वेग वाढवण्यापेक्षा सामुदायिक संकल्प बरा: हजार जणांनी रोज तेरा माळा, शंभर दिवस, की तेरा कोटी. तेरा माळांना पाऊण तास लागतो, तो कोणालाही काढता येतो.

पुरश्चरण वेगळे का?

हो. जितकी अक्षरे तितके लक्ष जप, त्याच्या दशांश हवन, हवनाच्या दशांश तर्पण, मग मार्जन आणि अन्नदान असा तो पाच अंगांचा विधी आहे. तेरा अक्षरांना तेरा लाख, रोज हजार केले तर १,३०० दिवस. ते जाणत्याला विचारूनच करावे.

सामुदायिक जपाची संख्या कशी मोजावी? आमचा आकडा दर वेळी फुगतो.

फुगतो तो तीन जागी. कोणी १०८ धरतो, कोणी १००. कोणी आजचा आकडा पाठवतो, कोणी आतापर्यंतचा. आणि व्हॉट्सॲप गटात एकाने टाकलेला आकडा दुसरा मिळवून पुढे पाठवतो, की तोच आकडा दोनदा धरला जातो. उपाय सोपा आहे: सभासदाने फक्त माळांची संख्या कळवायची, जप नाही, रोजची नाही, रविवार ते शनिवार अशी आठवड्याची, आणि ती गटात न टाकता एका माणसाकडे. तो शेवटी शंभराने गुणेल. परदेशातले सभासद असतील तर वार भारतीय वेळेने धरायचा की त्यांच्या, हे पहिल्याच दिवशी ठरवा. अंदाजाने लिहायचेच झाले तर खालचा आकडा लिहावा.

लिखित जप कसा करावा? वह्यांचे पुढे काय करायचे?

एका ओळीत एक नाम, समासात दर दहा ओळींना खूण. तेरा अक्षरी मंत्र लिहायला दहा-बारा सेकंद लागतात, म्हणजे एक माळ लिहायला वीस मिनिटे. बोलून करण्याच्या सहापट. म्हणूनच ज्यांचे मन बोलण्यात पळते त्यांना लिखित जप मानवतो. नाम उभे तोडून, म्हणजे आधी पानभर नुसता ‘श्री’, मग पानभर ‘राम’, असे रकाने भरू नका. वेग वाढतो, पण नाम एकदाही लिहिले जात नाही.

भरलेल्या वह्या नदीत सोडू नयेत. शाई आणि कागद पाण्यात जातो, बाकी काही होत नाही. वाराणसीच्या राम रमापती बँकेसारख्या ठिकाणी लिखित रामनाम जमा करून घेतात. देऊळ बांधताना पायाभरणीत किंवा मूर्तीच्या पीठाखाली अशा वह्या ठेवण्याचीही चाल आहे. द्यायच्या असतील तर आधी विचारून घ्या. देवळाच्या पायरीवर गुपचूप ठेवून येणे म्हणजे आपले ओझे पुजाऱ्यावर टाकणे. घरात जागा असेल तर लाल फडक्यात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवाव्यात.

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसवायचा आहे. किती माणसे लागतात?

सप्ताहाचा कणा कीर्तनकार नसून वीणा आहे. सात दिवस, म्हणजे १६८ तास, वीणा कोणाच्या तरी गळ्यात आणि नाम मुखात पाहिजे. दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे होतात. वीणेकऱ्याबरोबर निदान दोन टाळकरी धरा. म्हणजे २५२ पाळ्या. एकेकाने आठवड्यात तीन पाळ्या घेतल्या तर ८४ माणसे हवीत. एवढी नसतील तर रडत-खडत सात दिवस करण्यापेक्षा एक अहोरात्र करा. गोव्यात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला नाव सप्ताहाचे आहे, पण अखंड भजन चोवीस तासांचेच असते, आणि त्याचा दबदबा काही कमी नाही.

दिवसाचा क्रम साधारण असा: पहाटे चार ते सहा काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, त्यानंतर तुकोबांच्या गाथ्यावरचे भजन, दुपारी प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत बसवायच्या तर रोज तेराशेच्या आसपास येतात. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचे कीर्तन आणि महाप्रसाद.

खंड पडतो तो रात्री बारा ते चारच्या पहाऱ्यांत. यादी करताना ते चार तास आधी भरा, तरुण पोरांना द्या, चहाची सोय करा. पुढचा वीणेकरी दहा मिनिटे आधी मंडपात हवा. त्याने वीणेकऱ्याच्या पाया पडायचे, वीणा गळ्यातून गळ्यात घ्यायची, आणि तोवर पहिल्याने नाम थांबवायचे नाही. वीणा जमिनीवर टेकत नाहीत. बदली आलाच नाही तर उभा असलेला सोडून जात नाही. यामुळेच एकेका माणसाला सहा-सहा तास उभे राहावे लागते आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. म्हणून दर रात्री दोन राखीव माणसे मंडपातच झोपवा.

ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवा, ध्वनिप्रदूषण नियमांत तसे आहेच. पहाऱ्याला त्याची गरजही नसते. काकड्याचा भोंगा पहाटे चारला सुरू करून परीक्षेतली मुले आणि आजारी माणसे उठवणे ही हरिनामाची सेवा नाही.

पंगतीचे नियोजन हा वेगळाच विषय आहे. एवढेच सांगतो की महाप्रसादाचे बजेट ठरवण्याआधी पहाऱ्यांची यादी पूर्ण करा. बहुतेक गावांत हे उलटे होते.

नामापराध म्हणजे काय?

पद्मपुराणात दहा सांगितले आहेत. रोजच्या व्यवहारात आडवे येणारे तीन: संतांची निंदा, ज्याला श्रद्धा नाही त्याला नामाचा महिमा ऐकवत बसणे, आणि नामाने सगळे धुऊन निघते या भरवशावर पाप करणे. सुनेला जपाची सक्ती करणाऱ्या सासूबाईंनी दुसरा पुन्हा वाचावा.

नेम मोडला. काल जप झाला नाही. दुप्पट करायचा का?

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी जमल्यास भरून काढा, न जमल्यास सोडून द्या. चार दिवस चुकले तर भरपाईचा विचारच करू नका. साठलेल्या माळांच्या ओझ्यानेच जप कायमचा सुटतो. आज नेहमीचा नेम करा. चुकण्याचे कारण मात्र शोधा. बहुतेक वेळा ते ‘वेळ नाही’ हे नसते. ‘ठरलेली वेळ नाही’ हे असते. दात घासल्यावर, दिवा लावल्यावर, गाडी सुटल्यावर अशा रोज घडणाऱ्या गोष्टीला जप बांधून टाका.

घरातले माळकरी गेले. त्यांच्या माळांचे काय करायचे?

गळ्यातली माळ काढत नाहीत, ती त्यांच्याबरोबर जाते. जपाची माळ घरातल्या कोणी वापरायची असेल तर दोरा बदलून, देवापुढे ठेवून घ्यावी. जुन्या माळेवर दुसऱ्याने जप करू नये असे मानणारी घरे आहेत. तिथे ती देव्हाऱ्यात ठेवतात. मणी झिजून भोके मोठी झाली असतील आणि ओवता येत नसतील, तर तुळशीच्या कुंडीतल्या मातीत पुरा. लाकूडच आहे, मातीत मिळून जाते.